साठी बुद्धी नाठी? : वार्धक्य, ताण आणि आठवण यांच्या शोधाची हकीकत

आमची थोरली मावशी १९६३ साली दोन लहान मुलांना घेऊन रेवदंड्याहून मुंबईमार्गे इस्राएलात आली आणि दिमोनाला राहिली. तेव्हा ती पंचविशीत होती. आज तिने पंच्याऐंशी ओलांडली आहे. गेल्या दोनतीन वर्षांत तिची हिब्रू हळूहळू गळून गेली. आधी भाजीवाल्याशी बोलताना शब्द अडू लागले, मग शेजारणीशी, आणि आता नातवंडांनी हिब्रूत विचारले तरी उत्तर मराठीत येते. नातवंडांना मराठी येत नाही. 'सावताला आता काही कळत नाही,' असे त्यांचे मत झाले, आणि मुलांचे मत घरातल्या मोठ्यांनीही हळूहळू उचलले.

मागच्या तिश्रीत तिला दवाखान्यात स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी नेले. मी सोबत होतो, परंतु मध्ये बोलायचे नाही असे मला आधीच सांगितलेले होते. प्रश्न विचारणाऱ्या बाई भल्या होत्या, हळू बोलत होत्या. त्यांनी हिब्रूत विचारले, "आज कोणता महिना?" मावशी म्हणाली, "नव्याचा सण गेला, खिरीचा गेला, परवा दारफाळणीचा." बाईंना एक अक्षर कळले नाही. कागदावर शून्य पडले. "ऋतू कोणता?" "पावसाळा सरला." पुन्हा शून्य.

वाचकहो, रोश हशानाह होऊन गेला होता आणि योम किप्पूर दोन दिवसांवर आला होता. मावशीचे पहिले उत्तर अचूक होते. दुसरे दिमोनाला लागू नव्हते, पण रेवदंड्याला तंतोतंत लागू होते. तिची आठवण गेली होती की तिची भाषा समजणारा माणूस टेबलापलीकडे नव्हता? हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. मी डॉक्टर नव्हे. परंतु त्या दिवसापासून या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. माणसाचे म्हातारपण, त्याने आयुष्यात सोसलेला ताण आणि त्याची आठवण या तिन्हींचा शोध विद्वानांनी कसकसा घेतला याची हकीकत मला फार उद्बोधक वाटली. त्यातला एक मोठा अध्याय तर आपल्या बेर शेवात लिहिला गेला आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हातारा माणूस विसरणारच, त्यात नवल ते काय, ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही. युरोपातही ती होती. परंतु विसरण्यालाही काही नियम असतो, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी १८८१ साली स्मृतीच्या विकारांवरील आपल्या ग्रंथात मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आठवणींची घडी विसकटू लागली म्हणजे नवीन ते आधी जाते आणि जुने ते सर्वांत शेवटी. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण बालपणी विहिरीवर कोण भेटले ते आठवते. घरात एखादे म्हातारे माणूस असलेल्या कोणालाही हे पटवून द्यावे लागणार नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९०१ च्या नोव्हेंबरात, जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहितानाही अडखळायला होई. अलोइस आल्त्सहायमर नावाच्या तरुण डॉक्टरांनी तिला शांतपणे प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवली. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथील सभेत आपला निष्कर्ष वाचून दाखविला. मेंदूत विचित्र गाठी आणि साका आढळला होता. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला आल्त्सहायमरांचे नाव दिले. आपण इंग्रजी धर्तीवर 'अल्झायमर' म्हणतो तो हाच आजार.

परंतु पुढली साठसत्तर वर्षे एक गैरसमज टिकून राहिला. पन्नाशीत असे झाले तर तो आजार, आणि ऐंशीत झाले तर तो नुसता म्हातारचळ, अशी वाटणी डॉक्टरांनी करून टाकली होती. १९७६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे लिहिले की ही वाटणी खोटी आहे. म्हाताऱ्यांना होतो तोही तोच आजार आहे आणि तो फार मोठ्या प्रमाणावर आहे. ही गोष्ट लहान वाटते, पण तिचा अर्थ मोठा आहे. विसरणे हा आजार असेल तर तो सगळ्यांनाच होत नाही, आणि ज्याला होतो त्याला हसायचे नसते, त्याची शुश्रूषा करायची असते.

सगळ्यांनाच होत नाही, याचा पुरावाही त्याच सुमारास गोळा होत होता. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात वॉर्नर शाय यांनी १९५६ साली निरनिराळ्या वयाच्या माणसांच्या बुद्धीची तपासणी सुरू केली आणि दर सात वर्षांनी ती पुन्हा केली. त्यातून दिसले ते असे की वेग वयाबरोबर मंदावतो, परंतु शब्दसंपत्ती आणि भाषेची समज साठीपर्यंत बहुतेकांची शाबूत राहते, कित्येकांची त्याही पुढे. म्हणजे साठीला बुद्धी नाठी होते हे शास्त्राने तरी मान्य केलेले नाही!

आता ताणाकडे वळू. 'टेन्शन' हा शब्द आज आपल्या घराघरांत ऐकू येतो, पण शरीरावर ताणाचा परिणाम होतो हे प्रयोगाने दाखवून द्यावे लागले. व्हिएन्नात जन्मलेले आणि कॅनडात मॉन्ट्रियल येथे स्थायिक झालेले हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमवा किंवा विषारी द्रव्य टोचा. कारण काहीही असो, शरीरात घडणारे बदल तेच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजतात आणि जठरात व्रण पडतात. आधी धोक्याची हाक, मग नेट धरून टिकाव, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकवा, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. पुढे १९६८ साली ब्रूस मॅकइवेन यांनी दाखविले की ताणाच्या वेळी रक्तात उतरणारा स्राव मेंदूतील नेमक्या त्या भागात जाऊन चिकटतो, ज्या भागावर नवी आठवण साठविण्याचे काम असते. ताण आणि आठवण यांचे नाते मनाचे खेळ नव्हेत, ते शरीरातले आहे, हे तेव्हापासून अभ्यासले जाऊ लागले.

१९६७ साली होम्स आणि राही या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक मजेदार तक्ता केला. आयुष्यातल्या ४३ घटनांना त्यांनी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, निवृत्ती ४५. एका वर्षाच्या घटनांची बेरीज दीडशेच्या वर गेली तर आजाराचा संभव वाढतो, तीनशेच्या वर गेली तर फारच वाढतो, असा त्यांचा हिशेब. मी कागद घेऊन आलिया करणाऱ्या एका साध्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहिला. घर बदलले २०, राहणीमान बदलले २५, धंदा बदलला ३६, पैशाची स्थिती बदलली ३८, नातलगांच्या गाठीभेटी बदलल्या १५, जेवणखाण बदलले १५, समाजातले उठणेबसणे बदलले १८, प्रार्थनास्थळाचा परिपाठ बदलला १९. बेरीज १८६ झाली! यात कोणाचा मृत्यू नाही, कोणाचे आजारपण नाही. आणि गंमत अशी की त्या तक्त्यात 'भाषा बदलली' यासाठी घरच नाही. तक्ता करणारांना ते सुचले नसावे. ज्यांनी चाळिसाव्या वर्षी उलपानच्या बाकावर बसून 'आलेफ, बेत' गिरवले, त्यांना विचारा त्याला किती गुण द्यावेत ते.

आता असा प्रश्न पडतो की, ताण जर इतका घातक, तर ज्यांनी एवढा ताण सोसला ती आपली म्हातारी माणसे आज नव्वदीत काठी टेकीत सिनेगॉगला येतात ती कशी? हाच प्रश्न एका माणसाने विचारला, आणि तोही आपल्याच देशात.

प्रा. आरोन अँटोनोव्हस्की यांचा जन्म १९२३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. ते समाजशास्त्रज्ञ. १९६० साली पत्नीसह ते इस्राएलात आले आणि जेरुसलेमच्या एका संशोधन संस्थेत काम करू लागले. पुढे बेर शेवाच्या विद्यापीठात वैद्यकीय शाळा उभी करण्याच्या कामात त्यांचा महत्त्वाचा हात होता. ती शाळा १९७४ साली सुरू झाली. ते १९९४ साली वारले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्राएलातील मध्यमवयीन स्त्रियांची एक पाहणी केली. ऋतुनिवृत्तीच्या वयात निरनिराळ्या समाजांतील स्त्रिया शरीराने आणि मनाने कशा असतात, हा विषय. १९१४ ते १९२३ या काळात जन्मलेल्या स्त्रिया निवडल्या होत्या. त्यांतल्या मध्य युरोपातून आलेल्या स्त्रियांना एक साधा प्रश्न विचारला होता : नाझींच्या छळछावणीत होता काय? होय की नाही. १९७० साली आकडे जुळविताना असे दिसले की ज्या छावणीत नव्हत्या त्यांच्यापैकी ५१ टक्के स्त्रियांची मनःप्रकृती चांगली होती, आणि ज्या छावणीत होत्या त्यांच्यापैकी २९ टक्के.

कोणीही म्हणेल, पाहा, छळाचा परिणाम पंचवीस वर्षांनंतरही उतरलेला नाही. ते खरेच होते, आणि त्यांनी १९७१ साली तसा निबंध प्रसिद्धही केला. परंतु प्राध्यापकांचे मन त्या २९ वर अडकले. ज्या बाईने छावणीतले नरक पाहिले, मग कित्येक वर्षे निर्वासित म्हणून काढली, मग या देशात येऊन तीन युद्धांच्या सावटाखाली घर नव्याने मांडले, ती बाई धडधाकट मनाने जगते आहे, आणि अशा शंभरांतल्या एकोणतीस आहेत! हे कसे? आजवर वैद्यक विचारीत आले होते की माणूस आजारी का पडतो. त्यांनी प्रश्न उलटा केला : एवढे सोसूनही माणूस बरा कसा राहतो? या प्रश्नाच्या मागे लागून त्यांनी १९७९ साली 'हेल्थ, स्ट्रेस अँड कोपिंग' आणि १९८७ साली त्यापुढचे पुस्तक लिहिले.

त्यांचे उत्तर मला समजले तसे सांगतो. जीवन ही नदी आहे आणि आपण सगळेच तिच्या पाण्यात आहोत. काठावर कोरडा असा कोणी नाही. कोणाच्या वाट्याला संथ डोह येतो, कोणाच्या वाट्याला धबधबा. वैद्य बुडणाऱ्याला ओढून काढतो, ते योग्यच. पण पोहता कसे येते हे कोणी पाहायचे? पोहता येणे तीन गोष्टींवर अवलंबून असते असे त्यांना आढळले. पहिली, आपल्यावर जे गुदरते आहे त्याचा काही उमज पडणे. दुसरी, त्याला तोंड देण्याइतके बळ आपल्यापाशी किंवा आपल्या माणसांपाशी आहे, आपला निभाव लागेल, असा भरवसा असणे. तिसरी आणि सर्वांत मोठी, हे सोसण्यात काही अर्थ आहे असे वाटणे. उमज, निभाव आणि अर्थ. हे तीन ज्याच्यापाशी असतात त्याला ताण मोडू शकत नाही असे नाही, पण सहजी मोडत नाही. ही तिन्ही मोजण्यासाठी त्यांनी २९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिची जगातल्या डझनावारी भाषांत भाषांतरे झाली. त्यांचा समज होता की हे बळ तिशीपर्यंत ठरून जाते. पुढच्या संशोधकांना मात्र असे दिसले की ते वयाबरोबर वाढतही जाते. म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलणारी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या मूळ पाहणीत पाच गट होते : मध्य युरोपीय, तुर्की, इराणी आणि उत्तर आफ्रिकी यहुदी, आणि इस्राएलातील मुसलमान अरब. तिचा सविस्तर वृत्तांत १९८१ साली पुस्तकरूपाने आला. संशोधकांना वाटले होते की एकतर जितकी आधुनिक तितकी सुखी, किंवा जितकी जुन्या वळणाची तितकी सुखी असे काहीतरी निघेल. निघाले भलतेच. दोन्ही टोकांच्या स्त्रिया, म्हणजे सर्वांत आधुनिक आणि सर्वांत पारंपरिक, त्यातल्या त्यात समाधानी होत्या. ज्या मधे अडकल्या होत्या, जुने सुटले आणि नवे हाताला लागले नाही अशा, त्यांचे हाल अधिक होते.

त्या पाच गटांत आपण नव्हतो. आपली आई, मावशी, आत्या यांना कोणी प्रश्नावली दिली नाही. पण ती मोजपट्टी आपण आपल्या इतिहासाला लावून पाहू शकतो.

१९४८ नंतर आपली माणसे कोकणातून, मुंबईतून, पुण्यातून, कराचीतून या देशात आली. रेल्वेत, टपालखात्यात, गिरण्यांत, लष्करात, रुग्णालयांत इभ्रतीने नोकरी केलेली ही माणसे. कारकुनाच्या हाती कुदळ आली, आणि माळरानात पत्र्याच्या किंवा कापडाच्या छपराखाली संसार मांडावा लागला. हा धबधबा होता. १९५१-५२ साली बेर शेवातील आपल्या काही कुटुंबांनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या दारात ठाण मांडले आणि आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ साली त्यांतले बरेचजण परत गेलेही. आणि पुढे त्यांतलेच पुष्कळ पुन्हा येथे आले. या घटनेबद्दल आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही, जणू ती लाजेची बाब आहे. मला त्यात लाजेचे काही दिसत नाही. घडते आहे ते का घडते आहे याचा उमज पडेना, निभावेल असा भरवसा वाटेना, म्हणून माणसे उठून उभी राहिली. निमूटपणे आजारी पडण्यापेक्षा ते बरे.

त्यानंतर दहा वर्षांनी घाव बसला तो अर्थावर. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीकडून विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्राएल वधूवरांच्या कुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. आपण यहुदी आहोत, या एका गोष्टीसाठी ज्यांनी घरदार सोडले, त्यांनाच 'तुम्ही यहुदी कशावरून?' असे विचारले गेले. माझी मावशी त्याच गदारोळात येथे उतरली. उमज पडणे कठीण, निभाव लागणे कठीण, आणि आता अर्थही काढून घेतलेला. तरीही आपला समाज खचला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला जमले, ठाण मांडून बसले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक होऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे सरकारने जाहीर केले. आज नव्वदीच्या घरात असलेली किती माणसे त्या वेळी तेथे होती! आपण त्यांना कधी विचारले आहे काय?

मग आपल्या माणसांना पोहायला शिकवले कोणी? मला वाटते, उमज दिला तो आपल्या पंचांगाने. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. देश बदलला, भाषा बदलली, पण वर्षाची गाडी त्याच रुळांवरून धावत राहिली. निभाव लागला तो आपल्या माणसांमुळे. एका जिन्यावर चार घरे आपली असली की एकाची गिरणी बंद पडली तरी चूल विझत नसे. आणि अर्थ दिला तो मलिद्याच्या ताटाने. मुलगा सैन्यात निघाला, नवे घर घेतले, दुखण्यातून माणूस उठले, की एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा. पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचे ते ताट सांगत असे की जे घडते आहे ते उगाच घडत नाही, त्याला साक्षी आहे. १८८० साली मुंबईत आपल्या समाजात मराठी कीर्तने सुरू झाली, त्यांनीही हेच केले. तोराहमधल्या कथा माजघरातल्या बाईला तिच्या भाषेत उमजू लागल्या.

आता पुन्हा आठवणीकडे. म्हातारी माणसे तेच तेच सांगतात, अशी तरुणांची तक्रार असते. डॉक्टरही एके काळी याला मेंदू शिणल्याचे लक्षण मानीत. १९६३ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बटलर यांनी या समजुतीला छेद दिला. शेवट जवळ आला हे जाणवले म्हणजे माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब लावून पाहतो, जुने प्रसंग पुन्हा पुन्हा हाती घेतो, हे स्वाभाविक आणि उपयोगाचे आहे, असे त्यांनी लिहिले. वयावरून माणसाची हेटाळणी करण्याच्या वृत्तीला इंग्रजीत नाव देणारेही हेच बटलर, १९६९ साली. तेव्हा मावशी रेवदंड्याच्या नारळाच्या वाडीची गोष्ट विसाव्यांदा सांगते, तेव्हा ती आपला हिशेब जुळवीत असते. ऐकणाऱ्याने फक्त बसायचे असते.

भाषेबद्दलही बरेच शोध लागले आहेत. मायकेल क्लाइन यांनी ऑस्ट्रेलियात वसलेल्या डच माणसांमध्ये पाहिले की म्हातारपणी काहींची इंग्रजी मागे पडते आणि डच पुढे येते. १९८९ साली त्यांनी डी बॉट यांच्यासह जी फेरतपासणी प्रसिद्ध केली तीत असे दिसले की ज्यांची नवी भाषा एका पायरीच्या वर जाऊन पक्की झाली होती त्यांची ती टिकते; ज्यांची कच्ची राहिली त्यांची निसटते. गिरणीत मशीनच्या आवाजात दिवस काढलेल्या बाईची हिब्रू पक्की कशी होणार? मशीनशी काय बोलायचे?

पण दोन भाषा वागविण्याचा लाभही आहे. टोरांटोच्या एलेन बिअलिस्टॉक यांनी २००७ साली दाखविले की दोन भाषा वापरणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसतात. हैद्राबादच्या निजाम रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रोग्यांची पाहणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत हाच फरक साडेचार वर्षांचा निघाला, आणि ज्यांना लिहितावाचता येत नव्हते त्यांच्यातही तो दिसला. इस्राएलात गितित कावे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांबद्दल लिहिले की ज्याला जितक्या भाषा अधिक, त्याची बुद्धी तितकी ताजी. सगळे संशोधक याच्याशी सहमत नाहीत. माणसांचा पुढे कित्येक वर्षे माग ठेवून केलेल्या काही पाहण्यांत हा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी एवढे खरे की दोन भाषांनी कोणाचे डोके बिघडले असे कोणी म्हणत नाही. मुले हिब्रूत कच्ची राहतील या भीतीने आपण घरातून मराठी हद्दपार केली. ती भीती अनाठायी होती.

आता थोडे व्यवहाराचे. स्मरणशक्तीची जी ३० गुणांची तपासणी जगभर वापरली जाते ती फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली तयार केली. तारीख, ऋतू, जागा, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात सात वजा करणे, असे प्रश्न तीत असतात. तशाच धर्तीच्या तपासण्या आपल्या दवाखान्यांत होतात. परकी भाषा आणि कमी शाळा या दोन्हींनी तिचे गुण खाली येतात, हे जाणकार डॉक्टरांना माहीत असते. पण समोरचे माणूस कोणत्या भाषेत जगले हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला नेताना मराठी जाणणारे कोणीतरी सोबत न्यावे आणि दुभाष्याची परवानगी आधीच मागावी. दुभाष्याने उत्तर सुचवायचे नाही, फक्त भाषांतर करायचे. तसेच, १९८६ साली संमत होऊन १९८८ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या कायद्याने बितुआह लेउमीकडून घरच्या घरी मदतनीस मिळण्याची सोय झालेली आहे. कित्येक घरे संकोचाने अर्जच करीत नाहीत. हा हक्क आहे, दान नव्हे.

मावशीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. काही आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या तपासणीची विनंती केली आणि ती मान्य झाली. या खेपेस मी भाषांतर केले. महिना बरोबर आला, गाव बरोबर आले, वजाबाकी तर तिने दवाखान्यातल्या बाईंच्या आधी केली. परंतु लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एकही तिला पाच मिनिटांनी आठवला नाही. डॉक्टर म्हणाले, आजाराची सुरुवात आहे. मराठीने आजार बरा झाला नाही; पण आजार केवढा आहे आणि केवढा नाही, ते खरे कळले. आधीच्या कागदाप्रमाणे आम्ही तिला पुरते गेलेले माणूस समजून बसलो होतो.

त्या दिवशी तिची धाकटी नात माझ्यापाशी आली. आपल्या सणांची मराठी नावे तिने माझ्याकडून हिब्रू अक्षरांत लिहून घेतली आणि तो कागद फ्रीजवर चिकटवला. यंदा किप्पूरची शेवटची तेफिला झाली, शोफार वाजला, आणि उपास सोडताना त्या मुलीने कागदाकडे न पाहता तुटक मराठीत विचारले, "आजी, उद्या कोणता सण?"

मावशीने चहाची बशी खाली ठेवली. "शिळा सण," ती म्हणाली. "उद्या घरोघर जायचं. तू येशील ना माझ्याबरोबर?"